भांडवल म्हणजे जें आपल्याकडे नसतें तें?

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यांतली गोष्ट. भातलावणी उरकून मुलें पुन्हा वर्गांत येऊं लागलीं होतीं. सातवीच्या वर्गांत आम्हीं फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘भांडवल’. आणि म्हटलें, ज्याला जसें समजत असेल तसें सांगा. एकानें सांगितलें, ‘बँकेतला पैसा.’ दुसरा म्हणाला, ‘शेठचा पैसा.’ मागच्या बाकावर एक कातकरी मुलगी बसते. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते आणि पाऊस पडल्यावर परत येते. ती हळूच म्हणाली, ‘गुरुजी, भांडवल म्हंजी जे आपल्याकडं नसतं ते.’ वर्ग हंसला. आम्हांस हंसूं आलें नाहीं.

अर्थशास्त्राच्या जाड्या ग्रंथांत याहून नेमकी व्याख्या सांपडेल असें आम्हांस वाटत नाहीं. बारा वर्षांच्या पोरीनें ती पुस्तकांतून काढलेली नाहीं, भट्टीवरच्या मातींतून काढलेली आहे. पण ती अर्धी आहे. ती अर्धीच राहिली तर या मुलीच्या मुलीलाहि उद्यां दुसऱ्या एखाद्या वर्गांत हेंच उत्तर द्यावें लागेल. म्हणून आज या विषयावर चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. भांडवलशाही म्हणजे काय आणि उद्योगधंदा कसा उभा राहतो, हें आमच्या मुलांना लहानपणींच शिकविलें पाहिजे. तें व्याख्या पाठ करून येत नाहीं. गोष्टींनीं व चित्रपटांनीं येतें. मात्र गोष्ट वाचतांना आणि चित्रपट पाहतांना मुलाच्या हातांत हिशेबाची वही असली पाहिजे. वहीशिवाय पाहिलेला सिनेमा ही करमणूक, आणि गोष्टीशिवाय शिकविलेला हिशेब हा नुसता आंकडा. दोन्ही एकत्र आलीं तरच शिक्षण.

हें आतांच कां सांगावें लागतें? शहापूर व मुरबाड हे दोन तालुके मुंबईच्या उंबरठ्यावर बसलेले आहेत. तानसा, वैतरणा, भातसा यांचें पाणी आमच्या डोंगरांतून मुंबईस जातें, आणि वैशाखांत आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पहाटेच्या लोकलनें कसारा, खर्डी, आटगांव, आसनगांव येथून भाजी, दूध आणि तरुण हात शहराकडे जातात. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला; त्यासाठीं शहापूर तालुक्यांतील जमिनी गेल्या व मोबदल्याचे पैसे आले. मुरबाडकडे कारखाने आले, शहरवासीयांचीं शेतघरें आलीं, त्यांच्या मागून जमिनीचे दलाल आले. ज्या घरांत आजोबांनीं एकदम हजार रुपये पाहिले नव्हते, त्या घरांत एका दिवसांत लाखांची रक्कम खात्यावर पडली. पैसा आला, पैशाचें शिक्षण मात्र त्याच्या बरोबर आलें नाहीं.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. नांव सांगत नाहीं, कारण असा एक मुलगा प्रत्येक गांवांत आहे. बापाची दोन एकर जमीन रस्त्यांत गेली. आलेल्या पैशांतून एक मोठी गाडी घेतली, बहिणीचें लग्न थाटांत लावलें, आणि उरलेली रक्कम दरमहा दहा टक्के देऊं म्हणणाऱ्या एका योजनेंत घातली. चार महिने व्याज आलें. पांचव्या महिन्यांत कचेरीला कुलूप. आज तो मुलगा एका गोदामाच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारा करतो. एके दिवशीं स्टँडवर भेटला तेव्हां म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही आम्हांला सातवीत सरळव्याज शिकवलं. पण महिन्याला दहा टक्के म्हणजे वर्षाला किती, आणि येवढं देण्याजोगा धंदा तरी कोणता, हे विचारायला नाय शिकवलं.’

हा ठपका आम्ही पदरांत घेतों. आम्हीं शिकविलेलें गणित बरोबर होतें. पण त्या गणितांत मुद्दल होतें, दर होता, मुदत होती. देणारा माणूस नव्हता आणि घेणारा माणूसहि नव्हता. तीं माणसें गोष्टींत असतात.

मुलें पैशाविषयीं आज शिकतच नाहींत, असें कोणी समजूं नये. शिकतात, रोज शिकतात, पण मोबाइलवर. कोट घातलेला एक गृहस्थ मोटारीपुढें उभा राहून सांगतो, ‘नोकरी करणारा गुलाम, धंदा करणारा राजा, माझी शिकवणी लावा.’ त्या राजाचा खरा धंदा म्हणजे शिकवणी विकणें, हें पोराच्या लक्षांत येत नाहीं. दुसऱ्या बाजूला सभेंतला वक्ता टेबलावर मूठ आपटून सांगतो, ‘भांडवलदार म्हणजे राक्षस.’ पोरगा टाळी वाजवितो आणि सभेहून परततांना त्याच राक्षसाच्या कारखान्यांत चिकटण्यासाठीं ओळख शोधतो. एक म्हणतो पैसा देव, दुसरा म्हणतो पैसा भूत. देवाचा किंवा भुताचा हिशेब कोणी मागत नसतो, हेंच दोघांच्या पथ्यावर पडतें.

आमच्या बहुजन समाजाला हें शिक्षण नवें नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले, तेव्हां त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या कागदांवर होता. ज्या अक्षरांनीं शेत गेलें तीं अक्षरें जाळावीं, एवढेंच त्यांना कळलें होतें, कारण वाचतां येत नव्हतें. १८७९ सालीं सरकारनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कर्जाचा कायदा केला. पण कायदाहि वाचणाऱ्याचाच. ही उणीव ओळखूनच कृष्णराव भालेकरांनीं १८७७ मध्यें ‘दीनबंधु’ काढला व दुष्काळांतल्या कुणब्याची कहाणी ‘बळीबा पाटील’ या कादंबरींत घातली. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पुढें ‘दीनमित्रा’चे मुकुंदराव पाटील यांनीं ‘शेटजी प्रताप’ रचून सावकाराच्या वहीची लबाडी खेड्यांतल्या माणसाला त्याच्याच भाषेंत उलगडून दाखविली. सत्यशोधकी जलसेवाल्यांनीं तर डफावर थाप मारून व्याजाचा हिशेब सांगितला. आमच्या पूर्वजांनीं साहित्याचा हा उपयोग जाणला होता. आम्हीं मात्र पुढें साहित्य म्हणजे निबंध व रसग्रहण, आणि सिनेमा म्हणजे गाणीं व मारामारी, असें धरून चाललों.

आतां चित्रपटाकडे येऊं. १९२५ सालीं कोल्हापुरांत ‘सावकारी पाश’ नांवाचा मूकपट तयार झाला. कथा नारायण हरि आपटे यांची, दिग्दर्शन बाबूराव पेंटरांचें, आणि शेतकऱ्याच्या भूमिकेंत तरुण व्ही. शांताराम. कथा आमच्या प्रत्येक घराला ठाऊक असलेली. सावकार लबाडीनें शेतकऱ्याची जमीन गिळतो, आणि जमिनीचा धनी गांव सोडून शहरांतल्या गिरणींत मजूर होतो. देवदेवतांचे चमत्कार दाखविण्याच्या त्या काळांत पडद्यावर प्रथमच आमच्यासारखी झोंपडी दिसली. १९३६ मध्यें पेंटरांनीं तीच कथा बोलपट करून पुन्हा काढली. ही कथा मुलांना सांगावी, आणि सांगतांना थांबून विचारावें: शेतकऱ्यानें कर्ज कशासाठीं काढलें? कागदावर काय लिहिलें होतें? अंगठा घेण्यापूर्वीं तो कोणी वाचून दाखविला काय? शेत गेल्यावर सावकारानें त्या शेतांत कधीं नांगर धरला काय? आणि गिरणींत गेलेल्या शेतकऱ्याजवळ विकण्यासारखें आतां काय उरलें? शेवटल्या प्रश्नाचें उत्तर मुलें स्वतः देतात: ‘हात.’ ज्याच्याजवळ हातांखेरीज विकावयास कांहीं उरलेलें नाहीं तो मजूर, आणि ते हात विकत घेऊन त्यांच्या कामांतून उरलेलें ज्याच्या घरीं जातें तो भांडवलदार. ही भांडवलशाहीची पहिली ओळख. तिला एक तास पुरतो.

पण येथेंच थांबलें तर आमची कातकरी मुलगी म्हणाली तेंच खरें ठरेल. म्हणून लगेच दुसरी गोष्ट सांगावी: हा चित्रपट निघाला कसा? बाबूराव पेंटर म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री, कारागीर घराण्यांतले. ते आणि त्यांचे बंधु आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत. चित्रपट काढावा असा ध्यास लागला, पण परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हां जो विकत घेतां येत नाहीं तो हातांनीं बनवावा असें ठरलें. आनंदराव १९१६ मध्यें वारले. बाबूरावांनीं हातचें काम सोडलें नाहीं, आणि देशी हातांनीं घडविलेल्या कॅमेऱ्यावर चित्रपट निघाले. भांडवल कोणीं दिलें? एखाद्या कोट्यधीशानें नव्हे. गायिका तानीबाई कागलकर यांनीं. त्यांतून ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तेथेंच शिकलेले शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर १९२९ सालीं बाहेर पडले, सीताराम कुलकर्णी यांचें द्रव्य जोडीस घेतलें आणि ‘प्रभात’ कंपनी काढली. काल जे उमेदवार होते ते आज मालक झाले.

पाहा, एकाच चित्रपटांत दोन भांडवलें आहेत. पडद्यावरचें भांडवल गळा आवळतें. पडद्यामागचें भांडवल हाताला अवजार देतें. पैसा दोहोंकडे पैसाच. मग फरक कशांत? येथें मुलांना वही उघडावयास सांगावें आणि चार प्रश्न लिहून द्यावे. पहिला: भांडवल कोणाचें, आणि तें कोठून आलें? दुसरा: कष्ट कोणाचे, आणि त्यांचें मोल कोण ठरवितो? तिसरा: बुडालें तर कोणाचें बुडतें? चौथा: उरलें तें कोणाच्या घरीं जातें, आणि हिशेबाची वही कोणाच्या हातीं असते? कोणतीहि कादंबरी, कोणताहि चित्रपट, कोणताहि धंदा या चार प्रश्नांच्या चाळणींतून घालावा. सावकारी पाशांत सावकाराचें कांहींच बुडत नाहीं आणि वही त्याच्याच हातीं आहे. तानीबाईंचा पैसा मात्र चित्रपट पडला असता तर बुडाला असता. जोखमींत वांटा घेणारा तो भागीदार. दुसऱ्याच्या अडीवर जगणारा तो जळू. हा भेद ज्याला कळला तो दलालाच्या गोड बोलण्यास सहसा भुलत नाहीं, आणि प्रत्येक दुकानदाराला शिव्याहि देत नाहीं.

जोतीरावांचीच गोष्ट घ्या. शाळा काढणारे, असूड लिहिणारे फुले मुलांना ठाऊक असतात. पण १८६३ सालीं त्यांनीं धातूच्या ओतकामास लागणारें साहित्य पुरविण्याचा धंदा काढला, कात्रजच्या बोगद्याच्या कामास मजूर पुरविण्याचें कंत्राट घेतलें, १८७० नंतरच्या दशकांत मुळा-मुठेच्या धरणासाठीं बांधकामाचें सामान पुरविलें, मांजरीस साठ एकर शेती केली. आणि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देतांना आपण व्यापारी व शेतकरी आहों असें नांवापुढें लिहिलें. हें किती मुलांना ठाऊक आहे? पैसा मिळविणें त्यांना लाजिरवाणें वाटलें नाहीं. आणि कंत्राटाच्या कामावर मजूर कसा नाडला जातो, वरच्या कचेरींत टक्का कसा कापला जातो, हें त्यांनीं आंतून पाहिलें, म्हणून त्यांचा असूड नेमका वर्मीं बसला. जोतीरावांवर १९५४ सालीं आचार्य अत्रे यांनीं चित्रपट काढला, अलीकडे २०२४ मध्यें ‘सत्यशोधक’ आला, २०२५ मध्यें हिंदींत ‘फुले’ आला. हे चित्रपट मुलांना जरूर दाखवावे, आणि दाखवून झाल्यावर विचारावें, ‘यांच्या घरचा खर्च कशावर चालत असेल रे?’ समाजाचें काम करणाऱ्यानें स्वतःच्या पायांवर उभें असावें लागतें, हा धडा त्या प्रश्नांतून मिळतो.

आतां आमच्याच डोंगरांतली गोष्ट. मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनीं देह ठेवला. दरसाल त्या दिवशीं लोक तेथें जमतात, फुलें वाहतात, पोवाडे गातात. विजेचे मनोरे पाडणारे कोतवाल सर्वांना ठाऊक आहेत. धान्यकोठ्या काढणारे कोतवाल थोड्यांना. माथेरानच्या नाभिक घरांत जन्मलेला हा वकील गोळ्या खाण्यापूर्वीं दोन कामें करीत होता: खेडोपाडीं शाळा काढणें, आणि शेतकऱ्याला सावकाराच्या दारांतून सोडविण्यासाठीं धान्याची कोठी भरणें. कोठीचें महत्त्व समजण्यासाठीं आमची जुनी दिढी आठवा. आषाढांत एक मण भात उचलावें, खळ्यावर दीड मण घालावें. देणें राहिलें तर दीडाची सव्वादोन, सव्वादोनाची साडेतीनच्या जवळ. पांच हंगाम चुकले तर एका मणाचे साडेसात मणांवर जातात! मुलांना हें फळ्यावर मांडावयास लावा; डोळे कसे विस्फारतात तें पाहा. आणि मग सांगा, कोठी म्हणजे दुसरें कांहीं नव्हे: सुगींत सर्वांनीं थोडें थोडें घालावें आणि अडीच्या दिवसांत आपल्यांतल्यालाच द्यावें. एका घरीं भांडवल नव्हतें. शंभर घरांचें मिळून झालें. २०२० सालीं ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपट निघाला आहे. तो पाहतांना मुलाच्या वहींत बंदुकीच्या जोडीनें कोठीचीहि नोंद झाली पाहिजे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर गुजराथेंत घडली, आणि तिच्यावर श्याम बेनेगल यांनीं १९७६ सालीं ‘मंथन’ काढला. पटकथा आमच्या विजय तेंडुलकरांची. त्या चित्रपटाचें भांडवलच एक धडा आहे. गुजराथेंतील पांच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये दिले. दहा लाख रुपये उभे राहिले. आणि गवळ्यांच्या दोन दोन रुपयांवर निघालेला चित्रपट देशभर चालला. चित्रपटांत खासगी डेरीवाला मिश्र दुधाचा भाव आपल्या मर्जीनें देतो. सरकारी डॉक्टर येऊन दुधांतल्या स्निग्धांशाची तपासणी सुरू करतो, तेव्हां वजनकांटा व मोजमाप ज्याच्या हातीं भाव त्याच्या हातीं, हें गांवास प्रथमच कळतें. पण चित्रपट तेवढ्यावर थांबत नाहीं. सहकारी सोसायटी निघाल्यावर सरपंच ती बळकावूं पाहतो, दलित वस्तीला आग लागते, भ्यालेले लोक पुन्हा मिश्राकडे वळतात, डॉक्टरची बदली होते; आणि शेवटीं काम हातीं घेतो तो वस्तीतला भोळा. साहेब गेला तरी सोसायटी कोणाच्या बळावर चालावयाची, हा प्रश्न आमच्या तालुक्यांतील कितीतरी सोसायट्यांच्या बंद दारांवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

यशाच्याच गोष्टी सांगूं नयेत, बुडालेल्यांच्याहि सांगाव्या. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ चा हंसरा चित्रपट मुलांना फार आवडतो. फाळक्यांनीं विम्याचे कागद गहाण टाकले. कुंडींतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून भांडवलवाल्यांस नमुना दाखविला. घरच्या बायकोला कामांत घेतलें. आणि १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला. धंद्यासाठीं पैसा मागावयास जातांना हातीं नमुना असावा, हा सोन्यासारखा धडा आहे. पण गुरुजींनीं पुढचेंहि सांगावें. १९१८ सालीं श्रीमंत भागीदारांसह कंपनी निघाली, भागीदारांशीं पटलें नाहीं, फाळके बाहेर पडले, पुन्हा आले, आणि १९४४ सालीं नाशिकास विपन्नावस्थेंत वारले. ज्यानें धंदा जन्मास घातला त्याच्या हातीं धंदा राहिला नाहीं. कल्पना एकाची आणि कागद दुसऱ्याचा, असें झालें कीं काय होतें, हें मुलांना येथें दिसतें. वरच्या वर्गांतल्या मुलांना सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ द्यावी. शिकूनसवरून नोकरीसाठीं पैसे नसलेला शेतकऱ्याचा मुलगा त्यांना तींत भेटेल, आणि तो बहुधा ओळखीचा वाटेल. गोदावरी परुळेकरांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें १९७० चें पुस्तक द्यावें. आपल्याच जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दींत, डहाणू-तलासरी-उंबरगांवकडे, १९४५ पर्यंत वारल्यांच्या कष्टाची किंमत शून्य कशी धरली जात होती आणि तो शून्य पुसावयास काय करावें लागलें, हें त्यांत आहे.

येथें कोणी आक्षेप घेतील. ‘पोरांना अगोदर वाचतां लिहितां येऊं द्या, सिनेमाचें खूळ कशाला?’ आमचें उत्तर असें कीं, पोर मोबाइलवर दिवसाला दोन दोन तास चित्रें पाहतेंच. आम्ही तें पाहणें वाढवीत नाहीं, त्याला वही जोडतों. दुसरे म्हणतील, ‘शेतकऱ्याच्या पोरांना वाणी करणार काय?’ तर होय, हिशेबापुरते करणार. हिशेब ही कोणा एका जातीची मिरास नव्हे. लोहार, सुतार, कुंभार, चांभार, बुरूड यांनीं पिढ्यान्‌पिढ्या माल घडविला, भाव मात्र दुसऱ्यानें लावला. यांत कोणता धर्म राखला गेला? तिसरे म्हणतील, ‘हें श्रीमंतांविरुद्ध भडकाविणें आहे.’ चार प्रश्न विचारल्यानें ज्या श्रीमंतीला राग येतो, त्या श्रीमंतीच्या वहींत कांहींतरी खोट असली पाहिजे. जिची वही उघडी आहे तिला प्रश्नांचें भय कसलें?

आतां करावयाचें काय तें सांगतों. प्रत्येक शाळेनें महिन्यांतून एक शनिवार राखावा. एका शनिवारीं चित्रपट, दुसऱ्या महिन्यांत गोष्टीचें वाचन, पालकांनींहि यावें. आई ज्या बचत गटांत आहे त्याची वही तिनें एकदा वर्गांत आणून दाखवावी. मुलाला आईची किंमत कळेल. पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेस मुलें जातातच. यंदा पाळण्याआधीं घोंगडीवाल्यापाशीं बसून लोकर केवढ्याची, विणावयास दिवस किती, विकली केवढ्यास, हें लिहून आणावें. मागच्या हंगामाचा एक हिशेबहि घरीं करावा. २०२५-२६ सालीं साध्या भाताचा आधारभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. क्विंटलभर भातांतून सुमारें ६७ किलो तांदूळ धरतात. म्हणजे भरडाई सोडून किलोला पस्तीस रुपयांवर पडतो. तुमच्या घरीं भात प्रत्यक्षांत काय भावानें गेलें तें बापाला विचारा, दुकानांत तांदळाचा भाव विचारा, आणि मधला पैसा कोठें गेला तें शोधा. भरडाई, गोणी, गाडीभाडें, हमाली यांचा पैसा कष्टाचा. तो द्यावाच लागतो. त्याच्या वर जें उरेल त्याला चार प्रश्न विचारा.

आमच्या वर्गानें याहून थोडें पुढें जाऊन पाहिलें. ‘मंथन’ पाहिल्यावर मुलांनींच कल्पना काढली. तीस मुलांनीं दहा दहा रुपये घातले. तीनशें रुपयांत वह्या-पेन्सिलींचें दुकान वर्गाच्या कपाटांत सुरू झालें. हिशेब ठेवावयास सर्वांनीं त्या कातकरी मुलीस निवडलें, कारण तिचें अक्षर चांगलें. दिवाळीपर्यंत तिनें पै न पै लिहिली. मग मुकादम आला आणि घर भट्टीवर निघालें. वर्गांत वाद पडला: तिच्या भागाचें काय करावें? कोणी म्हणाला, दहा रुपये परत द्यावे. एक मुलगा उठून म्हणाला, ‘दहा रुपये तिचे भांडवलाचे. पण चार महिने हिशेब तिनं लिहिला, त्या कष्टाचं काय?’ बराच वेळ चर्चा होऊन तिचा भाग तसाच ठेवावा, नफा जमा होत राहावा व कामाचे वेगळे पंचवीस रुपये द्यावे असें ठरलें. एवढें अर्थशास्त्र आमच्या कॉलेजांतहि आम्हांस कोणीं शिकविलें नव्हतें.

जातांना ती दुकानांतून एक छोटी वही विकत घेऊन गेली. यंदा पाऊस पडल्यावर परत आली तेव्हां वही मळलेली, कोपरे दुमडलेले. पण प्रत्येक पान भरलेलें. उचल किती घेतली, दर आठवड्याची खर्ची किती, हजार विटांचा दर काय, किती विटा पाडल्या, सर्व तारखेवार. शेवटच्या हिशेबाला बाप वही घेऊन उभा राहिला. मुकादमाच्या वहींत तीन आठवड्यांची खर्ची दोनदां धरलेली निघाली. ती वजा झाली. उचल फिटली नाहींच. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ सालीं झाला, तरी उचलीचा दोर अजून या घरांच्या गळ्यांत आहे, आणि तो एका वहीनें तुटत नाहीं. पण बाप घरीं येऊन शेजाऱ्यांना म्हणाला, ‘आवंदा पयल्यांदा त्यानं माझ्याकडं बघून हिशेब केला.’

ती मुलगी आतां आठवींत आहे. तिला आम्हीं पुन्हा विचारलें, भांडवल म्हणजे काय? ती म्हणाली, ‘जे आपल्याकडं नसतं, पण चौघं मिळून करता येतं. अन्‌ वही आपल्याकडं ठेवायची.’ यांत भर घालावी असें आम्हांस कांहीं सुचलें नाहीं. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, मुलाला मोबाइल घेऊन द्याल तेव्हां त्याबरोबर एक वहीहि घेऊन द्या. आणि आज रात्रीं जेवणें झाल्यावर तुमच्या घरचें कर्ज कसें झालें व कसें फिटलें, ती गोष्ट त्याला आरंभापासून सांगा. पहिला धडा तोच.